पंधरा दिवस वाळणारा रंग

चाळीस वर्षं टर्पेंटाइन हुंगून रंगाऱ्याचं नाक पार कामातून गेलं होतं. साबण काय आणि रॉकेल काय, त्याला सगळं सारखंच! म्हणून नव्या रंगाचा डबा आणला, की तो आधी बायकोच्या नाकाशी धरायचा. ती नाक मुरडायची, "छे, हा उग्र आहे. लोकांच्या घरात लहान पोरं असतात." की डबा दुकानात परत. एरवी कुणाच्या बापाचं न ऐकणारा गडी, पण हिच्या नाकापुढे त्याचं काही चालायचं नाही.

त्याच बायकोची छाती भरली आणि ती दवाखान्यात पडली. पुढे जरा उतार पडल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या. फक्त धूळ नको, कसला वास नको."

झालं! तिच्या पलंगाजवळच्या खिडकीच्या झडपांचा जुना, शिशाचा रंग पोपडे धरून गळत होता. धूळ उडू नये म्हणून त्याने तो भिजवून भिजवून खरवडला, खरवड गटारात न टाकता डब्यात बंद केली. दहा वर्षं उन्हापावसाला दाद न देणारा, पाण्यात कालवायचा, कमी वासाचा रंग शोधून आणला आणि दोन हात मारले. डब्यावर लिहिलं होतं, पुरता वाळायला पंधरा दिवस.

तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "बाबा, वास गेलाय. आणू या आईला."

"तुला काय कळतंय! आईचं नाक तुझ्यासारखं नाही. पंधरा म्हणजे पंधरा!" आता बोला!

बायको फोनवर रोज विचारायची, "अहो, कधी नेताय?"

"रंगाचा वास राहिला असला तर?"

"मग मीच हुंगून सांगते की. न्या तर आधी."

तो हसला. थट्टा करतेय म्हणजे बरी होतेय, असं वाटलं त्याला.

अकराव्या दिवशी सकाळी ती दवाखान्यातच गेली.

भेटायला आलेली माणसं पांगल्यावर तो त्या खिडकीशी गेला. कुठे एक ओघळ नव्हता; इतकं नेटकं काम त्याच्या हातून जन्मात झालं नव्हतं. झडपेला नाक लावून त्याने जोरात श्वास घेतला. काही कळलं नाही.

"वास येतोय का गं?" त्याने लेकीला विचारलं.

"नाही, बाबा."

"मग मला न विचारता आणायचंस ना गं तिला!" म्हणाला आणि झडप धरून ढसाढसा रडायला लागला.