डबी भरायची होती

हसनाबादला आमच्या गल्लीत ताप बघायला एक हिवतापवाला यायचा. नाव मी कधी विचारलं न्हाई. बोटाला सुई टोचायचा, रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा आन् लेकराच्या डोळ्यातला कचरा काढावा तसा त्याच्यावर हळूच फुंकायचा.

श्रावणात बायकोला थंडी वाजून ताप आला. त्यानं तिचं रक्त घेतलं. ती म्हणली, "सगळंच नेतो का रं भाऊ? थोडं राहू दे मला." तो हसला. तापाची साधी गोळी दिली, बाकीचं रिपोर्ट आल्यावर म्हणला.

मी विचारलं, "जल्दी कळंल ना?"

"काचांची डबी भरली की तालुक्याला नेतो, बाबा. एका काचेसाठी गाडी काढणं परवडत न्हाई."

मंग गल्लीत आणखी लोकांना ताप यायची वाट बघत तिचं रक्त डबीत पडून राहिलं. आम्ही रिपोर्टची वाट बघत राहिलो. ती गेली.

तेराव्यानंतर तो गोळ्या घेऊन आला. "आजीला मलेरिया निघाला. कुठंयत?"

मी हार घातलेल्या फोटोकडं बोट केलं. त्यानं गोळ्या परत पिशवीत घातल्या. मंग खाली बघत म्हणला, "घरातल्या बाकीच्यांचं रक्त घ्यावं लागतं, बाबा."

"बाकीचा मीच. घे."

त्या दिवशी एकट्या माझ्या काचेसाठी त्यानं गाडी काढली. संध्याकाळीच सांगायला आला. मला काहीच झालेलं न्हाई म्हणं.