उभ्यानं किती, बसून किती?

पोलिसांवर गृहखात्याचं नियंत्रण असतं, असं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. म्हसवडहून आटपाडीकडे जाताना एक लहानसं गाव लागतं, तिथल्या पोलीस ठाण्यापुरतं ते चूक आहे. त्या ठाण्यावर नियंत्रण आमच्या वन्संचं होतं. तसा कुठला सरकारी आदेश निघालेला नव्हता, पण वन्सं फाटकातून आत शिरल्या की ओसरीवरचा शिपाई आतल्या शिपायाला हळूच म्हणायचा, "चेकिंग आलं रं!" आणि आतले मोबाइल खिशात जायचे, पाय टेबलावरून खाली यायचे, आणि तक्रार घेऊन बसलेल्या माणसाला अचानक कुणीतरी पाणी विचारायचं.

मी यादीवर चालणारी बाई आहे. वन्संवर लिहायचं ठरलं तेव्हाही आधी मुद्दे काढले: आवाज, शिट्टी, वडाप, पोलीस, शेळ्या. पण वन्सं आयुष्यात कुणाच्या रांगेत नीट उभ्या राहिलेल्या नाहीत, माझ्या यादीत तरी कशाला राहतील? तेव्हा जमेल तसं सांगते. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. एसटीत कंडक्टर होत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. सगळी माया आणि सगळा दरारा त्यांनी प्रवाशांवर खर्च केला. पुढे निवृत्त झाल्या, म्हणजे एसटीच्या कागदावर झाल्या. त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नाही. आमच्या सातारच्या घराची वास्तुशांत होती, तेव्हा मी पाहुण्यांना "आत या" म्हणत दारात उभी होते आणि माझ्या मागून वन्सं ओरडत होत्या, "पुढं सरका, पुढं सरका, मधी लय जागा हाय!" माझे साहेब, म्हणजे ऑफिसातले, सरकत सरकत थेट देवघरात पोचले आणि तिथून त्यांना जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर येता आलं नाही. कुठल्याही गाडीत बसल्या की वन्सं दोनदा टपावर मारणार. रिक्षावाल्याने त्याआधी गाडी हलवली तर "बेल दिली का मी?" असं म्हणून त्याला पुन्हा मागे आणायला लावणार. लाडू वाटतानासुद्धा "सुट्टे हायत का?" हे तोंडातून जायचं. एकदा भाऊबीजेला ताम्हनात माझ्या नवऱ्याने नोट टाकली, तर सवयीने उरलेले पैसे परत दिले.

नोकरीत असताना त्यांचे दोन शत्रू होते. एक वडाप, म्हणजे दहाच्या जागी वीस माणसं कोंबून पळणारी खासगी जीप. दुसरी लाईन चेकिंग. अधेमधे गाडी थांबवून तिकिटं आणि डोकी मोजणारं ते पथक. वन्संच्या गाडीत कधी एक डोकंही जास्त सापडलं नाही, तरी चेकिंगची गाडी दिसली की त्या घाईघाईने डोकी पुन्हा मोजायच्या म्हणे. निवृत्तीनंतर त्या याच गावात राहत होत्या, आणि पहिल्याच शनिवारी गावच्या फाट्यावर उभ्या होत्या. आटपाडीचा शेळ्यामेंढ्यांचा बाजार उठलेला, आणि समोरून एक टेम्पो आला. आतमध्ये फळ्या टाकून माळा केलेला, खाली शेळ्या, माळ्यावर शेळ्या, फटीतून बाहेर आलेले कान आणि शिंगं. वन्सं मला सांगत होत्या, "वैनी, मी सवयीनं म्हटलं, उभ्यानं किती, बसून किती? आन् बघते तर काय, ह्या एकमेकींच्या अंगावर उभ्या!" त्या दिवशी त्यांना नवं खातं मिळालं.

त्यांच्या दृष्टीने शेळी म्हणजे उतारू. उतारूला उभं राहायला जागा पाहिजे, वारा पाहिजे, लांबचा पल्ला असेल तर पाणी पाहिजे. याउपर त्यांचं तत्त्वज्ञान नव्हतं. त्या शाकाहारी नव्हत्या. रविवारी मटणाचा रस्सा ओरपून प्यायच्या. कुणी त्यावरून टोमणा मारलाच तर म्हणायच्या, "मरायचं तवा मरंल. तिकीट काढलंय तवर तिला कोंबायचं न्हाई." शनिवारी गळ्यात जुनी शिट्टी अडकवून फाट्यावर उभ्या राहायच्या. टेम्पोवाले आधी हसले. त्यातला सगळ्यात आडदांड व्यापारी तात्या. त्याने काच खाली करून विचारलं, "बाई, शेळ्यांस्नी फुल तिकीट का अर्धं?"

"त्यांस्नी फुकट," वन्सं म्हणाल्या. "तिकीट तुला पडंल, आन् ते बी परतीचं."

पोलीस मात्र दखल घेईनात. मग वन्सं ठाण्याच्या महिला दक्षता समितीत शिरल्या. तिथल्या बैठकीत मिरवणुकीचा मार्ग, डीजेचा आवाज, टवाळ पोरं असे विषय चालायचे. वन्सं प्रत्येक विषय संपला की हात वर करायच्या. "मिरवणूक झाली. आता शेळ्यांचं बोला." हळूहळू शेळ्यांबरोबर ठाण्याचंही चेकिंग सुरू झालं. माठात पाणी आहे का, बाकाचा पाय मोडलाय तो कधी बसवणार, बाईमाणसाची तक्रार घ्यायला इतका वेळ का. एकदा एक म्हातारी सकाळपासून बसलेली दिसली, तर वन्संनी हवालदाराला विचारलं, "ह्यांची गाडी कितीची?" हवालदाराने निमूट तक्रार लिहून घेतली. हे हवालदार वयाने वन्संहून दहाएक वर्षांनी लहान, पोट सुटलेले, मनाने मऊ. पण लेखी हुकुमाशिवाय शिंकसुद्धा देणार नाहीत अशातले.

तो शनिवार एप्रिलातला होता. माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं, पत्रिका द्यायला मी वन्संकडे गेले होते. दुपारी बाराच्या सुमाराला वन्सं घरात आल्या त्या लढाई जिंकल्यासारख्या. "वैनी, धरला! तात्याचा टेम्पो धरला!" त्यांनी फाट्यावरून ठाण्यात फोन केला होता आणि चमत्कार म्हणजे दोन शिपाई खरोखर आले. टेम्पो ठाण्याच्या आवारात नेऊन लावला, चावी काढून घेतली. वन्संनी मला हे तीनदा सांगितलं. एकदा चुलीपुढे, एकदा जेवताना, आणि एकदा तात्याच्या चेहऱ्याची नक्कल करून. मग हात धुतले, पदराला पुसले, आणि पुसता पुसता थांबल्या.

"वैनी, गाडी थांबली. पण उतरल्या कुठं?"

मला आधी कळलंच नाही.

"आगं, शेळ्या! त्या उतरल्या कुठं?"

चप्पल एका पायात घालून त्या निघाल्या. मी पर्स उचलली आणि मागे धावले.

ठाण्याच्या आवारात भर उन्हात टेम्पो उभा होता. मागचं फाळकं बंद. आतून ओरडण्याचा आवाज येत होता, पण दमलेला. पत्र्याला हात लावला तर चटका बसला. तात्या आत ओसरीवर पंख्याखाली बाकावर घोरत होता. मोडक्या पायाचा तो बाक वन्संनीच दुरुस्त करून घेतलेला.

"हवालदार, फाळकं उघडा."

"आवं बाई, कसं उघडू? मुद्देमाल हाय त्यो. पंचनामा हुईस्तवर हात लावता येत न्हाई. सायेब बंदोबस्ताला गेल्यात यात्रेच्या. लिहिणारा कोर्टात गेलाय. संध्याकाळी बघू."

"संध्याकाळी काय बघणार? कातडी?"

हवालदारांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. ते टेम्पोकडे बघत नव्हते. "मी काय करू सांगा," म्हणाले. "माझ्या हातात काय हाय?"

वन्सं त्यांच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता ओरडणार. पण त्या खालच्या आवाजात बोलल्या, तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "हवालदार, चूक माझी हाय. गाडी मी थांबवली आन् उतारू उतरवायचे इसरले. सगळ्या नोकरीत असं झालं न्हवतं. आता ह्या मेल्या तर त्या तात्यानं न्हाई, मी मारल्या. आन् तुमचा बी इचार करा. आत चढल्या किती, तुमी मोजल्या न्हाईत. संध्याकाळी निम्म्या मेलेल्या निघाल्या, तर साहेब इचारणार, गाडी कुणाच्या ताब्यात व्हती? मग तुमचं चेकिंग लागंल. म्या हयातभर चेकिंग सोसलंय. लय वाईट असतंय."

हवालदारांनी टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली. "उतरवल्या तर लिहिताना काय म्हणू?"

"म्हणा, मोजाय उतरवल्या. आत कोंबलेलं मोजता येतं व्हय?"

हे त्यांना पटलं. मोजणं हे सरकारी काम होतं. फाळक्याची कडी निघाली आणि वन्संची शिट्टी वाजली. पुढचा तासभर त्या ठाण्यावर एसटीचा कारभार होता. "आदी माळ्यावरच्या! खालच्या थांबा! ढकलाढकली न्हाई!" तात्या दचकून उठला, त्याला काही कळायच्या आत त्याच्या हातात बोकडाचा कान आला होता आणि "सावलीत न्यायचं" असा हुकूम. मोबाइल हरवल्याची तक्रार द्यायला आलेला एक जण हापशावर पाणी काढायला लागला. एकमेकांविरुद्ध तक्रार द्यायला एक नवराबायको आली होती. त्यांना वन्संनी एकच शेळी दोन बाजूंनी धरायला दिली. बाई म्हणे, "आवं, मान तरी नीट धरा, घरात बी असंच करता." नवरा म्हणे, "धरलीय की." दोघं तशीच शेळीला कुरवाळत बसली आणि संध्याकाळी तक्रार न देताच घरी गेली. दोन्ही शिपायांनी बाहेरच्या कडुलिंबाच्या डहाळ्या तोडून आणल्या. माझ्या पर्समध्ये प्रवासाच्या यादीप्रमाणे मीठसाखरेच्या पुड्या होत्याच, त्या मी बादलीत कालवल्या.

सगळ्यात खाली एक काळी पाठ सापडली, म्हणजे अजून न व्यालेली शेळी, वर्षाची असेल नसेल. पाय अंगाखाली मुडपलेले, जीभ बाहेर. वन्संनी तिला उचलून मांडीवर घेतलं आणि ओली बोटं तिच्या तोंडात घातली. मघापासून कडाडणारा आवाज एकदम बंद झाला. सगळी भोवती जमली. तात्याच पहिल्यांदा बोलला, "बाई, ती न्हाई राहायची."

"तू गप रं. तिचं उतरायचं ठिकाण अजून आलं न्हाई."

नेमकी तेव्हाच फाटकातून पोलिसांची जीप आली. साहेब तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. पुढच्या आठवड्यात वरिष्ठांची तपासणी म्हणून त्यांनी आवारात जास्वंदीच्या कुंड्या मांडून घेतल्या होत्या. जीपमधून उतरून ते बघतच राहिले. आवारभर शेळ्या, ओसरीवर शेळ्या, कुंड्यांमध्ये नुसत्या काड्या, हवालदारांच्या काखेत बोकड, आणि पायरीवर शेळी मांडीवर घेतलेली एक साठीची बाई.

"हे काय चाललंय?"

हवालदारांनी बोकडासकट सलाम ठोकला. "साहेब, मोजणी!"

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग वन्संना म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी असं काही असलं तर आधी ठाण्यात फोन करत जा."

"फोन केलाच व्हता, साहेब. म्हणून तर हे झालं."

कुणीतरी फिसकन हसलं. मला वाटतं, तात्याच. साहेबांचे ओठ हलले, पण त्यांनी हसू आवरलं. आणि तेवढ्यात वन्संच्या मांडीवर हालचाल झाली. काळ्या पाठीने एक पाय ताणला, मग दुसरा. धडपडत उभी राहिली, डुलली, पुन्हा सावरली, आणि पायरीवरच्या कुंडीत उरलेलं एकुलतं एक जास्वंदीचं फूल साहेबांच्या देखत खाऊन टाकलं. मग जो आरडाओरडा झाला तो यात्रेतसुद्धा होत नसेल. शिपाई शिट्ट्या मारत होते, नवराबायको टाळ्या पिटत होती, आणि साहेब मोठ्याने हसत होते.

एकही शेळी मेली नाही. जनावरांचे डॉक्टर आले, तात्यावर कायद्याप्रमाणे कारवाई झाली, दुसरा टेम्पो मागवून माल निम्मा निम्मा भरला गेला. दोन्ही गाड्या सुटताना वन्संनी हात वर केला, एसटीच्या घंटीची हवेतली दोरी दोनदा ओढली आणि म्हणाल्या, "टिंग टिंग." तात्याने खिडकीतून दोनदा हॉर्न दिला. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी तोंडी हुकूम काढला, आधी जनावर उतरवायचं, मग लिहायचं. पावसाळ्याआधी आवाराच्या कडेला पत्र्याची शेड आणि पाण्याचा हौदही झाला. लांबलेल्या तपासणीला अखेर आलेल्या वरिष्ठांनी कुंड्यांकडे नाही, त्या शेडकडे बघून शाबासकी दिली म्हणतात. वन्संना समारंभाला बोलावलं होतं. त्यांनी आत शिरताना हौदात हात घालून पाणी ताजं आहे का तेवढं बघितलं.

त्याला आता काही वर्षं झाली. वन्संचे गुडघे गेले. आम्ही त्यांना साताऱ्याला घेऊन आलो, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून किल्ला दिसतो. रस्ता दिसत नाही. शिट्टी खिळ्याला असते. रिक्षाच्या टपावर दोनदा मारायचं काम आता मी करते, त्या आतून ऐकतात. आठवड्याच्या माझ्या यादीत शनिवारपुढे एक काम ठरलेलं आहे: वन्संचा फोन चार्ज करून उशाशी ठेवणे.

दुपारी तो वाजतो. हवालदार निवृत्तीला आलेत, पण शनिवारी फाट्यावर उभे असतात. "बाई, तात्याची गाडी आलीय. फाळकं उघडून बघितली."

"उभ्यानं किती?"

"सगळ्या उभ्यानं, पर ऐसपैस. दोघी तर बसल्यात निवांत."

"पाणी?"

"पाजलं."

मग ते फोन रस्त्याकडे धरतात. वन्सं पलंगावर बसल्या बसल्या हात वर करतात आणि दोनदा ओढतात. तिकडे त्यांना हे दिसत नाही, तरी तात्याचा हॉर्न दोनदा वाजतो. शेळ्यांचा आवाज येतो, गाडी गिअर बदलते, लांब जाते, आणखी लांब जाते. आवाज पार विरून जाईपर्यंत वन्संचा हात तसाच वर असतो.