चालून जमवलेली वीज

भाऊंनी बनवलेली वस्तू मोडली की भाऊ खूश होत. "मोडल्याशिवाय कसं समजन, कुठी कमजोर आहे ते?" म्हणत आणि तिथेच मांडी घालून ती उघडत. सिंदेवाहीकडे मुलांना वायरिंग शिकवून ते निवृत्त झाले होते. आमच्याकडे, सिरोंचा तालुक्यातल्या आरोग्य उपकेंद्रात आले ते बुटांची एक जोडी घेऊन.

टाचेखाली दांडी, तिला जोडलेली बारीक चाकं आणि सायकलच्या डायनामोसारखं लहानसं यंत्र. चालताना टाच दबली की चाकं फिरत आणि पोटरीला बांधलेल्या डबीतल्या बॅटरीत थोडी थोडी वीज साठे. वस्त्यांवर पायी फिरणाऱ्या आम्हा नर्सबायांसाठी हा खटाटोप. माझ्या चिखलाने माखलेल्या चपला पाहून ते हळहळले, "सिस्टरबाई, केवढी वीज मातीत मुरून राह्यली!" मला हसू आलं होतं.

त्याच आठवड्यात गोदावरी चढली. नाल्यांनी गाव तोडलं, विजेच्या तारा पडल्या, दाट ढगांमुळे सोलरही बंद पडलं. गावातला एकूण एक फोन मेला. आणि गावातली राजक्का आपल्या सुनेला, समक्काला, कळा सुरू झाल्यावर घेऊन आली. मी पोट तपासलं. बाळ आडवं होतं. ऑपरेशनशिवाय सुटका नव्हती.

भाऊंनी माझा साधा बटणांचा फोन डबीला जोडला आणि बूट चढवले.

"किती वेळ लागेल, भाऊ?"

"मले नाई मालूम. चालून पाहतो."

उपकेंद्राच्या व्हरांड्यात ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागले. बूट त्यांच्या मापाचे नव्हते, माझ्या मापाचे होते. टाचा सोलून रक्त आलं. मी म्हटलं, "आता मी घालते." ते थांबलेसुद्धा नाहीत. "तुमी तिच्यापाशी बसा. हे माह्यं काम आहे." आत समक्का माझा हात आवळून कण्हत होती आणि बाहेर भाऊंची पावलं वाजत होती.

शेवटी फोनचा पडदा उजळला. मी मागच्या टेकाडावर धावले. नदीपलीकडच्या तेलंगणातल्या टॉवरची रेंज मिळाली, तालुक्याच्या दवाखान्यात फोन लावला. "बाळ आडवं आहे. बोट पाठवा," एवढं बोलले, गावाचं नाव सांगितलं आणि फोन बंद पडला. त्या मोजक्या शब्दांमागे एका म्हाताऱ्या माणसाची अख्खी दुपार चालत होती.

बोट उजेडातच आली. दवाखान्यात समक्काला मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या.

भाऊ मागच्या उन्हाळ्यात गेले. बुटांचं काम अजून अपुरंच आहे. त्यांचे जुने विद्यार्थी त्यावर खपतात. मला मात्र पूर ओसरल्यानंतरची ती सकाळ विसरता येत नाही. तेंदूपत्ता तोडण्यात जन्म गेलेली राजक्का त्यांच्या पाया पडायला वाकली. भाऊ झटकन मागे सरले.

"माह्या पायात वेगळं काई नाई, बाई. बसा इथी."

त्यांनी स्वतः तिच्या पायांत बूट घातले, डबी बांधली, तीत बॅटरीऐवजी एक छोटा दिवा जोडला. राजक्का भीत भीत अंगणात चालली. दिवा लागला. ती थबकली, तो विझला. पुन्हा पाऊल टाकलं.

"ना काळ्ळेना?" ती तेलुगूत पुटपुटली. माझेच पाय का हे?

भाऊंना तेलुगू येत नव्हती. तरी त्यांनी मान डोलावली.