पाटावरची बंदूक

नॉटिंगहॅमला माझ्या मैत्रिणीच्या डॉक्टर नवऱ्याने शॉटगन घेतली, कारण हॉस्पिटलमधले गोरे साहेब रविवारी नेमबाजीला जातात. दसऱ्याला तो ती पाटावर मांडायचा, मैत्रीण तिला हळदकुंकू वाहायची आणि आम्ही तिथल्या मराठी मंडळातली शहाणी माणसं हात जोडून झाले की श्रीखंडावर तुटून पडायचो. मीही.

गेल्या सप्टेंबरात त्याने तिचा हात मोडला. वर म्हणाला, “बंदूक माझ्याकडे आहे, लक्षात ठेव.” तिने फोन केला, पोलीस बंदूक घेऊन गेले. कोर्टाने ऑर्डर काढली, की सहा महिने बंदुकीला हात लावायचा नाही आणि घराकडे फिरकायचं नाही.

तेव्हा कुठे मंडळाला कंठ फुटला. एक काका-काकू तिची समजूत घालायला आले. मी चहा करत होते. मोडलेल्या हाताबद्दल चकार शब्द नाही. काका म्हणाले, “अगं, बंदुकीचं लायसन्स गेलं तर हॉस्पिटलमध्ये त्याची काय इज्जत राहील?” काकूंना वेगळीच चिंता. “आणि दसऱ्याला पूजेला काय मांडणार?”

मैत्रिणीने प्लॅस्टरमधला हात टेबलावर ठेवला.

“हे प्लॅस्टर दसऱ्यापर्यंत निघेल, काकू. तेच मांडते. हळदकुंकू तुम्ही वाहा.”