मनानं टाईप केलेलं नाव

या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर केवळ करमणूक म्हणून वाचत आलो, हे आधीच कबूल करतो. कुणाला विहिरीपाशी बाई दिसते, कुणाच्या गाडीवर मागं कुणी येऊन बसतं... वाचायचं आणि चहा प्यायला उठायचं. आमच्या घरात ना अंगारा ना धुपारा. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा देवांसोबत भुतंही घराबाहेर काढली, असं वडील हसत सांगायचे. वरून मी कॉम्प्युटरवाला. माझ्यासाठी प्रत्येक गोष्टीमागं कारण असतंच, फक्त ते शोधावं लागतं.

हे कारण मला अजून सापडलेलं नाही.

मी मूळचा अनसिंगचा. सध्या वाशीमला पुसद नाक्याच्या बाजूला राहतो. पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरूनच करतो. बायको वैशाली शिक्षिका आहे. माझ्या एका मित्राच्या ओळखीनं मी एका लहानशा संस्थेसाठी फुकटात वेबसाईट बनवून देत होतो. हरवलेली, रस्त्यावर सापडलेली, डोक्यावर परिणाम झालेली माणसं ठिकठिकाणच्या आश्रमांत असतात. आश्रमवाले त्यांची माहिती वेबसाईटवर भरणार, घरचे लोक आपल्या हरवलेल्या माणसाची भरणार, आणि दोन्ही जुळलं की दोघांना मेसेज जाणार. एवढं साधं काम.

पण नावं जुळतच नव्हती. आणि गंमत म्हणजे स्क्रीनवर बघितलं तर अगदी सारखी दिसायची!

कारण आपला 'ऱ'. वऱ्हाडातला, मानोऱ्यातला ऱ. कॉम्प्युटरमध्ये तो दोन तऱ्हांनी साठवला जातो. एक म्हणजे अख्खा ऱ, त्याला स्वतःचा एकच नंबर. दुसरा म्हणजे साधा र आणि त्याच्याखाली वेगळा जोडलेला नुक्ता, म्हणजे ठिपका; असे दोन नंबर. डोळ्यांना दोन्ही एकच. कॉम्प्युटर मात्र नंबर बघतो आणि म्हणतो, ही दोन वेगळी माणसं. आईनं एका कीबोर्डवर लिहिलेलं नाव आणि आश्रमानं दुसऱ्या कीबोर्डवर लिहिलेलं नाव कधी भेटणारच नाही... अशी सारखी असून वेगळी साठवलेली अक्षरं आधी एकाच रूपात आणायची, मग तुलना करायची. याला आमच्यात नॉर्मलायझेशन म्हणतात. ते मी त्या दुपारी लिहिलं.

मे महिना होता. जेवण झालेलं, कूलर चालू, वैशाली शेजारच्या खोलीत पेपर तपासत होती. लख्ख उजेड होता, घरात भीतीचं काही नव्हतं. कोड तपासायला खोट्या नोंदी लागतात, म्हणून मी ऱ असलेलं एक आडनाव घेतलं आणि मनानंच टाईप केलं —

पंचफुला कऱ्हाळे. गाव इंझोरी.

इंझोरीला मी कधी गेलो नव्हतो. एसटीच्या पाटीवर वाचलेलं गाव, सुचलं ते लिहिलं. पुढं एक रकाना होता, 'वारंवार बोलण्यात येणारं वाक्य'. आजारी माणसं पुष्कळदा एकच वाक्य धरून बसतात, म्हणून संस्थेनं तो मुद्दाम ठेवलेला. तिथंही ऱ असलेलं काहीतरी हवं होतं. मी लिहिलं —

'सुऱ्या, दार लावू नोको, मी आलीच.'

का लिहिलं? सुऱ्या या शब्दात ऱ आहे म्हणून. शपथेवर सांगतो, दुसरं काही कारण नव्हतं.

हीच बाई मी एकदा 'हरवलेली' म्हणून अख्ख्या ऱ नं भरली, एकदा 'सापडलेली' म्हणून नुक्त्याच्या ऱ नं. दोन्ही जुळल्या. कोड बरोबर होता. सापडलेली नोंद मी पुसली. हरवलेली पुसायची राहून गेली... आणि ती राहिली होती सगळ्या आश्रमांसाठी उघड्या असलेल्या सर्व्हरवर.

दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर मेसेज आला. नोंद जुळली. पाठोपाठ फोन. तेलंगणातल्या एका आश्रमातून रेखाताई बोलत होत्या. त्या मूळच्या नांदेडकडच्या, तिथं बायकांच्या विभागात काम करतात.

"दादा, तुमची वेबसाईट चालली हो! आमच्या म्हातारीचं घर सापडलं! पंचफुलाबाईचं!"

मी हसलो. म्हटलं, "ताई, ती माझी खोटी नोंद आहे. टेस्टिंगची. तुम्ही ती वाचून सराव केला असेल."

"कसला सराव?" त्या गोंधळल्या. "मी तुमची नोंद आत्ता जुळल्यावर बघितली. ही बाई माझ्यासमोर बसली आहे."

"नाव काय म्हणालात?"

"पंचफुला कऱ्हाळे, इंझोरी. काल तिनंच स्वतः सांगितलं. किती वर्षं झाली, पोलिसांनी आणून सोडली तेव्हापासून एक अक्षर बोलली नव्हती. आम्ही मुकीच समजत होतो. काल दुपारी जेवणं झाल्यावर आमचा माणूस गेट लावत होता. तर ही ताडकन उठली, धावत गेली, गेट धरलं आणि ओरडली..."

"काय ओरडली?"

मला वाटतं, त्या क्षणी मला उत्तर माहीत होतं.

"सुऱ्या, दार लावू नोको, मी आलीच."

माझ्या हातातून फोन सुटला. पडला नाही, मांडीवर आला. रेखाताईंचा आवाज मांडीवरून बारीक येत होता, "हॅलो? दादा? तिच्या घरच्यांशी बोलणं करून द्या ना..."

घरचे! कुणाचे घरचे? मी बनवलेल्या बाईचे?

वैशालीला सांगितलं तर ती आधी हसली, मग माझा चेहरा बघून तिनं खुर्ची जवळ ओढली. मी म्हटलं, कुणीतरी मस्करी करत असेल. कुणीतरी सर्व्हरमध्ये घुसलं असेल. मी लॅपटॉप उघडून बसलो. सगळं तपासलं. माझ्या नोंदीला माझ्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. रेखाताईंची नोंद दुसऱ्या दिवशीची, त्यांच्या जुन्या कीबोर्डवरची, नुक्त्याच्या ऱ ची. माझा कोड नसता तर त्या दोन नोंदी कधी जुळल्या नसत्या.

वैशाली म्हणाली, "मस्करी असो का काही असो. ती बाई खरी आहे ना? मग तिचं गावही खरंच असेल. चला, गाडी काढा."

मंगरूळपीरच्या रस्त्यानं आम्ही इंझोरीला गेलो. भर दुपार. सुऱ्या म्हणजे सुरेशच असणार, म्हणून चहाच्या हॉटेलात विचारलं, इथं सुरेश कऱ्हाळे कोणी आहेत का? मनात म्हणत होतो, नसू देत. हॉटेलवाल्यानं मान न वळवता बोट दाखवलं, "तो काय, पंक्चरवाला."

चाळिशीचा माणूस. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होता.

"जयभीम दादा," मी म्हटलं. "पंचफुला कऱ्हाळे तुमच्या कोण?"

त्याचा हात पाण्यातच राहिला.

"कायले इचारता?"

"तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

"माय व्हय मायी." तो उठला. "मी पोरगा होतो तवा हरपली. तुमाले कोनं सांगतलं तिचं नाव?"

वैशालीनं सांगितलं, अशी अशी एक बाई आश्रमात आहे, हे नाव सांगते, हे गाव सांगते. तो ऐकत होता, पण डोळ्यांत विश्वास नव्हता. "लय लोकं आले असे," तो म्हणाला. "एकानं पैसे बी घेतले. जा तुमी."

तेव्हा मी ते वाक्य म्हणून दाखवलं.

तो पुढं आला आणि त्यानं माझ्या शर्टाला धरलं. ओल्या हातानं. मारतो की काय असं वाटलं.

"हे कोनं सांगतलं तुमाले? आं? हे कोनालेच मालूम नाई. बापाले नाई, बायकोले नाई. कोनं सांगतलं?"

"दादा, त्याच म्हणतात ते..."

तो खाली बसला. तिथंच, टायरांच्या ढिगावर. मग बोलायला लागला. आमच्याकडं बघत नव्हता.

"विटभट्टीच्या कामाले जाऊन राह्यलो होतो आमी. हैदराबादच्या अंगाले. बाप पहिलेच भट्टीवर गेलता. गाडीत लय गर्दी. मले तहान लागली म्हून माय एका टेशनावर पानी भराले उतरली. मी डब्याच्या दारात उभा. तिले नयाच्या तोटीवर लंबर लागेना. गाडीनं शिटी मारली तं ती तिकूनच वरडली... तेच. तुमी म्हनले तेच. गाडी सुटली. मांगच्या लोकायनं मले अंदर ओढलं अन् दार लावून घेतलं."

हॉटेलातला रेडिओ वाजत होता.

वैशालीनं रेखाताईंना व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर एक वाळकी म्हातारी आली, केस बारीक कापलेले. सुरेश बघत राहिला. तिनंही बघितलं, पण ओळख नाही. कशी असणार? तिचा मुलगा लहान होता. हा मिशीत पांढरे केस आलेला माणूस तिचा कोण?

रेखाताई म्हणाल्या, "बाई, तुमचा मुलगा आहे."

म्हातारीनं मान हलवली. नाही.

सुरेशनं फोन तोंडाजवळ नेला. "माय," तो म्हणाला, "म्या नाई लावलं दार. लोकायनं लावलं."

तिचं तोंड उघडं राहिलं. मग तिचा हात स्क्रीनकडं आला, इतका जवळ की आम्हाला नुसता तळवाच दिसत होता. आणि त्या तळव्यामागून आवाज आला, "पानी पेला का रे तू?"

सुरेशचं रडणं मी इथं लिहीत नाही.

तो जाऊन आईला घेऊन आला. मधे मी एकदा भेटून आलो. पंचफुलाबाई दुकानासमोर लिंबाच्या सावलीत बसल्या होत्या. मला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. "कोनाचा रे तू?" म्हणाल्या. मी वडिलांचं नाव सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. आमच्या घरच्यांनाही कऱ्हाळ्यांचं नाव माहीत नव्हतं, मी सगळ्यांना विचारून झालंय.

कंपनीतला मित्र म्हणतो, योगायोग. नाव योगायोगानं जुळेल, मान्य. गावही जुळेल. लहानपणी बाजारात कुणाच्या तोंडून बाई हरवल्याचं ऐकलं असेल, तेही मान्य. पण ते वाक्य? ते फक्त दोन माणसांना माहीत होतं. एकानं कधी सांगितलं नाही, दुसरी बोलतच नव्हती. आणि ती बोलली ती त्याच दुपारी, जेवणानंतर. आधी तिनं गेट धरलं की आधी मी टाईप केलं, हे मला माहीत नाही. खरं सांगू, रेखाताईंना नेमकी वेळ विचारायची हिंमत झालेली नाही. विचारून तरी काय कळणार आहे?

एक गोष्ट मात्र अजून सांगायची राहिली. कोड तपासायला एक नाव पुरत नाही. त्या दुपारी मी आणखी काही नावं टाईप केली होती. एक म्हातारे गृहस्थ, एक कॉलेजातली मुलगी, एक कडेवरचं लेकरू. सगळी मनानंच, गावांसकट. त्यांच्याही 'हरवलेली' म्हणून केलेल्या नोंदी सर्व्हरवर तशाच आहेत. रेखाताईंनी विचारलं, "ह्या बाकीच्या नोंदी पुसून टाकायच्या का दादा?" मी नको म्हटलं.

त्या लेकराच्या नावापुढं मी गाव लिहिलंय शिरपूर, आमच्या वाशीमकडचंच. वैशाली म्हणते, रविवारी जाऊन येऊ. मी हो म्हणालोय... पण तिथं जाऊन कुणाच्या दारात उभं राहायचं आणि काय विचारायचं, हे आम्हा दोघांनाही सुचलेलं नाही.