नाकतोड्याची लाल पट्टी

मागच्या शेडची किल्ली भावजींच्या गळ्यात असे, दोरीत ओवलेली. वहिनींचा नवरा गेला त्या वर्षी धाकट्या दिराने ती गळ्यात घातली ती घातलीच. तेव्हापासून आपल्याच नवऱ्याचं विमान बघायचं तर वहिनींना दिराची परवानगी काढावी लागे. हा राग जुना होता. मुरलेला होता.

विमान म्हणजे दोघं जेमतेम मावतील एवढं. लाकडी सांगाडा, वर ताणून बसवलेलं कापड, रंग हिरवा. पुढून उंच आणि मागून बसकं, म्हणून नवऱ्याने त्याचं नाव ठेवलं नाकतोडा. त्यातून तो लोकांना उडायला शिकवी. वहिनी घरोघरचे पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवत. पंखांचं कापड बदलायची वेळ आली तेव्हा नवरा म्हणाला, "खोळच आहे की! जरा मोठ्या गादीची." वहिनींनी मेण लावलेल्या दोऱ्याने बरगडी बरगडीला गाठ मारत ती खोळ शिवली. पुढे त्यात बसून वर गेल्या की त्या खाली कधी बघत नसत. आपल्या टाक्यांकडे डोळे लावून बसत.

आता घर विकलं होतं आणि शेड रिकामी करायची होती. एक फ्लाइंग क्लब नाकतोडा घेऊन पुन्हा उभा करायला तयार होता, पण आधी त्यांच्या पाहणीवाल्या बाई येऊन त्याची किंमत ठरवणार होत्या. त्या नाही म्हणाल्या तर भंगारवाला होताच. तो एकदा खिडकीतून डोकावून गेला होता आणि "यात पत्रा कुठंय?" म्हणून हिरमुसला होता. नाकतोडा पुन्हा उडावा एवढंच वहिनींना हवं होतं.

"किंमत?" भावजी म्हणाले. "याची किंमत होत नसते वहिनी. जीव लावलाय मी त्याला."

लावला होता खराच. दर रविवारी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून ते शेड उघडत, प्रोपेलर पुसत आणि हाताने गरागरा फिरवत. "इंजिन जागं ठेवतो," म्हणत. भाऊ असावा तर असा, असं सगळी गल्ली म्हणायची. वहिनींनी एकदा म्हणून पाहिलं होतं, "अहो, हात लावू नका म्हणाले होते हे."

"आजारी माणूस काहीही बोलतो. तुम्ही तुमचे पडदे बघा."

वहिनींनी पडदे बघितले होते.

पाहणीवाल्या बाई आल्या. पांढरे केस, खिशाखिशांची विजार, बोलणं कात्रीने कापल्यासारखं. त्यांनी पंखावर अंगठा दाबला आणि कापड फुस्सकन फाटलं.

"अहो, अहो!" भावजी ओरडले.

"फाटायलाच आलं होतं. कापड कुणीही नवंच घालणार. मला इंजिन बघू द्या."

सिलिंडरमध्ये दिव्याची बारीक नळी घालून त्या बराच वेळ बघत राहिल्या. "हे फिरवतं कोण?"

"मी!" भावजी पुढे झाले. "एक रविवार चुकवला नाही."

"चालू न करता? नुसतं हाताने?"

"हो तर."

"आत गंज न धरण्याचं तेल भरून ठेवलेलं दिसतंय. ज्याने भरलं त्याला कळत होतं. तुम्ही दर रविवारी फिरवून फिरवून ते पुसून काढलंत आणि आत गंज धरला. नुसतं उभं ठेवलं असतं तरी वाचलं असतं." त्यांनी नळी बाहेर ओढली. "प्रोपेलरला खूण बांधलेली नव्हती? फिरवू नका म्हणून लाल पट्टी बांधतात."

"होती की एक," भावजी म्हणाले आणि हातातलं फडकं त्यांनी वर केलं. "पुसायला घेतली. ही काय."

विटून गुलाबी झालेली, तेलाने काळवंडलेली पट्टी. तिची दुमडलेली कड वहिनींनी लांबूनही ओळखली. नवऱ्याने दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ती शिवून घेतली होती. कशाला, ते वहिनींनी विचारलं नव्हतं, शिवून दिली होती.



"इंजिन भंगारात धरते," बाई म्हणाल्या. "आता सगळं लाकडावर. पंखाची मुख्य तुळई मुळाशी कुजली असेल तर हे सरपण. बघायला कापड कापावं लागेल."

भावजी पंखापुढे हात पसरून उभे राहिले. "दादाच्या विमानाला कात्री? माझ्यादेखत?"

"मग पाठ करा," वहिनी म्हणाल्या. पदराआडच्या पिशवीतून त्यांनी आपली मोठी कात्री काढली. "व्हा बाजूला."

"वहिनी, दादाला काय वाटेल?"

"दादांना काय वाटत होतं ते तुम्ही फडकं म्हणून वापरलंत! किल्ली तुमची, रविवार तुमचा, कौतुक तुमचं. शिवण माझी आहे. सरका!"

भावजी सरकले.

वहिनींनी आपलेच टाके उसवले. गाठीमागून गाठ, दातओठ खाऊन. कापड सोललं तसा आतून धुळीचा लोट आला आणि उंदराचं एक वाळकं घरटं खाली पडलं. बाईंनी तुळईवर हातोडीची मूठ वाजवली. टण्ण. पुढे सरकून पुन्हा. टण्ण. दुसऱ्या पंखालाही तसंच.

"कोरडं ठणठणीत आहे. इंजिन सोडून बाकी घ्या म्हणून सांगते क्लबला. भाव कमी येईल, पण उडेल."

वहिनींनी मान हलवली. मग दिराच्या गळ्यातली दोरी कात्रीनेच कापली आणि किल्ली मुठीत घेतली.

"प्रेमानेच केलं हो मी," भावजी म्हणाले.

"माहीत आहे. म्हणून तर इतकी वर्षं तुमच्यावर ओरडता आलं नाही मला."

ट्रक आला तेव्हा वहिनींनी पट्टी धुऊन, इस्त्री करून प्रोपेलरला बांधली. नवं कापड शिवायला आपल्यालाच बोलवा, असं त्यांनी क्लबच्या माणसाला दोनदा बजावलं.

रविवारी भावजी धुतलेला शर्ट घालून आले आणि रिकाम्या शेडच्या दारात हात लोंबकळत ठेवून उभे राहिले. वहिनींनी खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या कपात चहा ओतला. हाक मात्र मारली नाही. राग अजून पुरता निवला नव्हता. कपावर बशी झाकून त्या मशीनवर जाऊन बसल्या.