विंडो नावाचा सुतार

"तोंड उघडा, म्हणजे मला बोलता येईल," असं दातांचे डॉक्टर एकदा एका पेशंटला म्हणाले होते, आणि त्यात आपलं काही चुकलं असं त्यांना मुळीच वाटलं नव्हतं.

इंग्रजी शब्दांची कुळं उकरायचं त्यांना वेड. घरी बायको ऐकून घेत नसे. दवाखान्यात मात्र माणूस आडवा आणि तोंडात कापूस. ड्रिल फिरवता फिरवता ते सांगत, मसल म्हणजे मूळचा लॅटिनमधला छोटा उंदीर. डिझास्टर म्हणजे वाईट तारा. एका गृहस्थांची दाढ उपटण्याआधी त्यांनी सांगितलं, की सार्कॅझमच्या मुळाशी मांस ओरबाडणं आहे. गृहस्थ गळ्यातल्या रुमालासकट उठले, ते थेट रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात जाऊन बसले.

मग एकेक करून बाकीचेही तिकडे जाऊ लागले. डॉक्टरांची लेक त्यांच्याच दवाखान्यात दुसऱ्या खुर्चीवर काम करी. दवाखाना पुढे तिलाच चालवायचा होता, आणि बाहेरची बाकं तिच्या डोळ्यांदेखत रिकामी होत होती. तिने हात जोडले, भांडून पाहिलं, आईकडून सांगवलं. डॉक्टर ढिम्म.

अशात त्यांचीच दाढ ठणकू लागली. पलीकडे जाणं म्हणजे नाक कापून घेणं. तेव्हा निमूटपणे लेकीच्या खुर्चीत आडवे झाले. जबडा बधिर झाला, तोंडात कापूस गेला, आणि लेकीने दार सताड उघडं ठेवून बाहेर ऐकू जाईल अशी लोणकढी थाप मारली.

"बाबा, विंडो नावाचा एक सुतार होता. पहिली खिडकी त्याने केली."

डॉक्टरांचे डोळे पांढरे झाले. विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा, हे त्यांनी कितीतरी उघड्या तोंडांना सांगितलं होतं. आं-आं करत ते हवेत बोट नाचवू लागले.

"दुखतंय का? आणि सॅलरी ही त्याची बायको. महिन्यातून एकदाच घरी यायची."

बाहेर कोणीतरी खुदकन हसलं.

"दवाखान्यात पुन्हा शब्दांचं पुराण लावणार नसाल तर हात वर करा. नाहीतर त्यांना पोरंही पुष्कळ होती."

हात वर झाला. कुरकुरत, पण झाला.

दाढ भरल्यावर डॉक्टर चूळ भरून बाहेर आले. बाकावरच्या आजीबाई नवऱ्याला सांगत होत्या, की तो विंडो फार गुणी असणार. डॉक्टर थबकले. ओठ बधिर असला तरी जीभ शाबूत होती, हे लेकीला पक्कं ठाऊक होतं. चिमटा हातात तसाच धरून ती दारातून बघत राहिली.

"हो ना हो डॉक्टर?" आजीबाईंनी विचारलं.

त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. खुंटीवरची टोपी काढली आणि ते बाहेर पडले.